उसाचे शिवार आणि इंधन घट

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघाले म्हणजे डाव्या हातास पाण्याचा मोठा विस्तार दिसू लागतो. हा उजनी धरणाचा फुगवटा होय. याच पट्ट्यात पळसदेव हे गाव वसलेले आहे. आज ते महामार्गालगत दिसते. मूळचे पळसदेव मात्र भीमेच्या काठी होते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. गावाचे ग्रामदैवत असलेल्या पळसनाथाचे प्राचीन मंदिरही त्याबरोबर पाण्यात गेले. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली असेल, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली उतरते, मंदिराचे शिखर आणि पुढे सारे मंदिरच उघडे पडते, आणि दूरदूरचे लोक दर्शनास येतात.

येणाऱ्या पाहुण्यांना हे दृश्य नवलाचे वाटते. काठावरचा शेतकरी मात्र त्याच दृश्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. मंदिर उघडे पडले, याचा अर्थ पाणी त्याच्या मोटारीपासून दूर गेले. आता पाइप वाढवावयाचे, मोटार खाली सरकवावयाची, केबल लांबवावयाची आणि तेच पाणी अधिक उंचीवर चढवावयाचे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट असला तरी त्यापैकी साधारण साडेत्रेपन्न अब्ज घनफूटच उपयुक्त आहे. उरलेला, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृतसाठा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यातही बरेच खाली उतरले होते. अशा वेळी पाण्याचा प्रश्न हा विजेचाही प्रश्न असतो, हे पळसदेवला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या लेखात आपणास स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनाचा विचार करावयाचा आहे. हे संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि तिच्यासारख्या इतर संस्थांत चालते. पाषाण मार्गावरील ती प्रयोगशाळा आणि पळसदेवचा बांध यांत सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे. परंतु दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे: हाती असलेल्या ऊर्जेपैकी किती कामी येते आणि किती वाया जाते?

कार्यक्षमता म्हणजे काय?

ऊर्जा नष्ट होत नाही, ती केवळ रूप बदलते, हे आपण शाळेत शिकलो. मग ऊर्जेची टंचाई कशी पडते? याचे उत्तर असे की, रूप बदलताना ऊर्जेचा काही भाग अशा उष्णतेत जातो की जिचा पुढे उपयोग करता येत नाही. दिलेल्या ऊर्जेपैकी जितकी कामी आली तितकी त्या साधनाची कार्यक्षमता.

पाणी उपसण्याचे उदाहरण घेऊ. ३६७ घनमीटर पाणी १ मीटर उंच उचलण्यास, कोठेही गळती नसेल तर, बरोबर १ युनिट वीज लागते. आता असे धरा की एक एकर उसास वर्षभरात पाटाने ८,००० घनमीटर पाणी दिले आणि ते २० मीटर उंच चढवावे लागले. हिशेबाने त्यास सुमारे ४३५ युनिट पुरावेत. परंतु मोटार व पंप मिळून कार्यक्षमता ३० टक्के असेल, तर प्रत्यक्षात १,४५० युनिटांची वीज खर्ची पडते. म्हणजे तीन भाग वीज दिली तर जेमतेम एक भाग पाण्याच्या कामी आला. उरलेले दोन भाग मोटारीच्या तापण्यात, झिजलेल्या पंख्यात, तोंड दबलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये आणि अरुंद पाइपातील घर्षणात गेले.

घर्षणाचा नियम तर विलक्षण आहे. पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवून पाइपाचा व्यास निम्मा केला, तर घर्षणात वाया जाणारा दाब दुप्पट होत नाही, तो सुमारे ३२ पट होतो. फुगवटा मागे हटल्यावर शेकडो फूट पाइप जोडणाऱ्या शेतकऱ्याने स्वस्त म्हणून घेतलेला बारीक पाइप पुढे वर्षानुवर्षे विजेच्या रूपाने त्याची किंमत वसूल करीत राहतो.

आता त्याच एकराचा दुसरा हिशेब मांडू. ठिबक सिंचनाने पाणी ८,००० ऐवजी ४,८०० घनमीटर लागले आणि पंपसंचाची कार्यक्षमता ६० टक्के झाली. ठिबकास दाब लागतो, म्हणून उंची २० ऐवजी ३० मीटर धरू. तरीही वीज सुमारे ६५० युनिटच लागेल. ऊस तेवढाच, शेत तेच, आणि वीज निम्म्याहून कमी. वाचलेले ८०० युनिट निर्माण करण्यास कोणतेही नवे धरण बांधावे लागले नाही आणि कोणाचे गाव उठवावे लागले नाही. ज्या गावाने एका प्रकल्पासाठी आपली भूमी दिली, त्या गावास या वाक्याचे मोल अधिक कळेल.

उसात साठलेली ऊर्जा

इंदापूर तालुका हा उसाचा प्रदेश आहे. वालचंदनगर हे कारखानदारीचे गाव याच तालुक्यात १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वाढले, आणि पुढे तेथेच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊ लागली. बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखानेही या तालुक्यातीलच. तेव्हा येथे ऊर्जेचा विचार करावयाचा तर तो उसापासूनच सुरू केला पाहिजे.

ऊस म्हणजे साठवलेला सूर्यप्रकाश होय. परंतु वनस्पती ही सूर्यप्रकाशाची फार काटकसरी ग्राहक नाही. शेतावर पडणाऱ्या प्रकाशापैकी एक-दोन टक्केच ऊर्जा ऊस आपल्या अंगी साठवतो. छपरावरची चांगली सौर तबकडी त्याच प्रकाशातील २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जेची वीज करते आणि तीस पाणी द्यावे लागत नाही. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. केवळ ऊर्जेसाठी म्हणून नव्याने ऊस लावणे हा जमिनीचा आणि पाण्याचा योग्य उपयोग नव्हे. परंतु साखरेसाठी जो ऊस लावलेलाच आहे, त्याच्या अवशेषांत राहून गेलेली ऊर्जा मात्र वाया घालविता कामा नये.

हे अवशेष कोणते? एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड, म्हणजे बगॅस, मिळते. साधारण ४५ किलो मळी मिळते. रस गाळताना उरणारा प्रेसमड निराळा, आणि शेतात राहणारे पाचट त्याहून निराळे.

चिपाडाची कथा कार्यक्षमतेचा उत्तम धडा आहे. पूर्वी कारखान्यांचे बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास दाबाचे असत. त्यांत सारे चिपाड जाळून कारखान्यापुरती वाफ व वीज निघे. उरलेले चिपाड साठवण्याचीच पंचाईत असल्याने काटकसरीने जाळण्याचे कारणही नव्हते. पुढे ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले. दाब आणि तापमान वाढले की त्याच वाफेतून अधिक काम काढता येते. आज अशा सहवीजनिर्मिती प्रकल्पांत कारखान्याची गरज भागवून दर टन उसामागे सुमारे ८० ते १२० युनिट वीज बाहेर देता येते. चिपाड तेच, केवळ ते जाळण्याची रीत सुधारली.

मळीपासून मद्यार्क तयार होतो. एका टन उसाच्या मळीतून सुमारे १० लिटर इथेनॉल मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. आपल्या देशात २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. परंतु २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा साखरेची टंचाई भासू नये म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र शासनास निर्बंध आणावे लागले. रस हा अन्नाचा आणि पाण्याचा वाटेकरी आहे, अवशेष तसा नाही, हा भेद त्या एका निर्णयाने सर्वांच्या लक्षात आणून दिला.

पाषाणची प्रयोगशाळा

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक होय. परिषदेची स्थापना १९४२ मध्ये झाली. पुण्याच्या प्रयोगशाळेची कोनशिला एप्रिल १९४७ मध्ये मुंबई प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसविण्यात आली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिचे उद्घाटन केले.

उसाच्या प्रदेशाशी या प्रयोगशाळेचे नाते जुने आहे. तेथे औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मळी आंबवून मद्यार्क करणारे यीस्ट हे अशा सूक्ष्मजीवांपैकीच होत. यीस्टचा शुद्ध आणि जोमदार वाण मिळाला की त्याच मळीतून अधिक मद्यार्क निघतो. हीसुद्धा कार्यक्षमताच, फक्त ती यंत्राची नसून जिवाची आहे.

दुसरे उदाहरण उत्प्रेरकांचे. रासायनिक क्रिया घडवून आणणारा, तिचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. योग्य उत्प्रेरकामुळे तीच क्रिया कमी तापमानावर आणि कमी टाकाऊ पदार्थ निर्माण करून घडते. या प्रयोगशाळेने झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजासारख्या पदार्थांपासून असे उत्प्रेरक घडविले. त्यांच्या साहाय्याने मद्यार्कापासून थेट एथिलबेंझिन तयार करण्याची ‘अल्बीन’ प्रक्रिया विकसित झाली. विशाखापट्टणमच्या कारखान्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती वापरात आली. जगात अन्यत्र हा पदार्थ खनिज तेलातून मिळणाऱ्या वायूपासून केला जाई. शेतातून येणाऱ्या मद्यार्काने खनिज तेलाची जागा घेतल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

जाळल्याविना वीज

आता इंधन घटाकडे वळू. आपण जी वीज वापरतो तिचा मोठा भाग कोळसा जाळून मिळतो. कोळशाची उष्णता, उष्णतेची वाफ, वाफेने फिरणारे चक्र आणि चक्राने फिरणारे जनित्र अशी ही लांबलचक साखळी आहे. उष्णतेचे काम करताना तिचा काही भाग वाया जाणे अटळ असते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले. यंत्र कितीही कुशलतेने घडविले तरी ही मर्यादा सुटत नाही. कोळशाच्या वीज केंद्रात साधारण एक-तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जाच विजेत उतरते. लहान डिझेल जनित्राची कथा याहून बरी नाही.

मग ज्वलनाची पायरीच गाळली तर? इंधन घटाचे मर्म येथेच आहे. १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह याने हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज मिळविली. सव्वाशे वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानात असे घट प्रत्यक्ष वापरले गेले.

त्याची रचना अशी. मध्ये एक पातळ पटल असते. त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमसारख्या उत्प्रेरकाचा लेप असतो. एका बाजूने हायड्रोजन सोडला की उत्प्रेरकावर त्याच्या अणूचे दोन भाग होतात: प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पटलातून फक्त प्रोटॉन जाऊ शकतात. इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या तारेने वळसा घालावा लागतो. तो वळसा म्हणजेच विजेचा प्रवाह होय. पलीकडे हवेतील ऑक्सिजनशी दोघांची पुन्हा गाठ पडते आणि पाणी तयार होते. धूर नाही, राख नाही, आवाजही जवळजवळ नाही. एका घटाचा दाब वापरात असताना अर्धा ते पाऊण व्होल्टच असतो. म्हणून असे शेकडो घट एकावर एक रचून संच करतात. संचाची कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांपर्यंत जाते, काही वेळा त्याहूनही थोडी पुढे. बाहेर पडणारी उष्णताही उपयोगात आणली तर एकूण लाभ आणखी वाढतो.

तत्त्व सोपे असले तरी व्यवहार अवघड आहे. प्लॅटिनम महाग आहे. पटल ओले राहिले पाहिजे, परंतु पाणी साचता कामा नये. हायड्रोजनात कार्बन मोनॉक्साइडचा अंश आला तर तो प्लॅटिनमवर चिकटून बसतो आणि उत्प्रेरक निकामी होतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनाचा रोख याच अडचणींवर आहे. प्लॅटिनम कमी लागावे अथवा त्यास पर्याय सापडावा, आणि दीडशे अंशांच्या पुढील तापमानातही टिकणारी पटले तयार व्हावीत, हा त्याचा उद्देश. तापमान वाढले की कार्बन मोनॉक्साइड सहजी चिकटत नाही. यामुळे अतिशुद्ध हायड्रोजनाचा आग्रह सुटतो आणि मिथेनॉल किंवा जैव मिथेन यांपासून काढलेला हायड्रोजनही चालतो.

२६ सप्टेंबर २०१९ रोजी, परिषदेच्या स्थापना दिनी, अशा उच्च तापमानी इंधन घटाच्या पहिल्या स्वदेशी संचाचे राष्ट्रपतींच्या हस्ते अनावरण झाले. त्याची क्षमता ५ किलोवॅट. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि कारैकुडीची केंद्रीय विद्युत्‌ रासायनिक संशोधन संस्था यांनी थरमॅक्स व रिलायन्स या उद्योगांच्या सहभागाने तो साकारला. मिथेनॉल अथवा जैव मिथेनवर चालणाऱ्या या संचात वीज आणि उष्णता मिळून ७० टक्क्यांहून अधिक ऊर्जा कामी येते.

त्यानंतर २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात हायड्रोजनच्या इंधन घटावर चालणाऱ्या बसचे अनावरण झाले. प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही पुण्याचीच कंपनी यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ती तयार झाली. ९ मीटर लांबीची, ३२ आसनांची ही वातानुकूलित बस ३० किलो हायड्रोजनवर ६०० किलोमीटर धावू शकते, असे तिचे मान सांगण्यात आले आहे. म्हणजे एका किलोस २० किलोमीटर. तिच्या नळीतून बाहेर पडते ती केवळ पाण्याची वाफ.

हायड्रोजन येतो कोठून?

येथे वाचकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हायड्रोजन स्वच्छ जळतो हे खरे, परंतु तो आणावयाचा कोठून? पृथ्वीवर तो बहुतांशी पाण्यात किंवा सेंद्रिय पदार्थांत बांधलेला असतो. उद्योगांत आज लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढला जातो आणि त्यात कर्बवायू बाहेर पडतो.

दुसरा मार्ग पाण्याच्या विद्युत्‌ विघटनाचा. एक किलो हायड्रोजनासाठी किमान ९ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या एका किलोत ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट. इंधन घटाने तिचे निम्मे विजेत रूपांतर केले, तर हाती येतात १६-१७ युनिट. म्हणजे १०० युनिट विजेचा हायड्रोजन करून त्याची पुन्हा वीज केली, तर साधारण ३० युनिट परत मिळतात. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या ठिकाणी सौर तबकडीची वीज थेट मोटारीस जोडता येते, तेथे मध्ये हायड्रोजन आणणे हा अव्यापारेषु व्यापार होय. पळसदेवच्या पंपास दिवसा सूर्याची वीज थेट मिळणे हेच शहाणपणाचे. राज्यात २०१७ पासून राबविण्यात येत असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागील विचारही हाच आहे.

मग हायड्रोजनाचे स्थान कोणते? दूरच्या पल्ल्याची जड वाहने, पोलाद व खतांचे कारखाने, जहाजे, ज्या कामांत विजेची तार किंवा बॅटरी पुरी पडत नाही तेथे. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले.

तिसरा मार्ग मात्र आपल्या शिवारातून जातो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने पिकांच्या अवशेषांपासून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने थेट हायड्रोजन आणि त्यासोबत मिथेन काढण्याचे तंत्र २०२१ मध्ये जाहीर केले. प्रेसमडपासून जैव मिथेन काढता येतो. आणि २०१९ चा तो ५ किलोवॅटचा संच जैव मिथेनवर चालतो, हे आपण वर पाहिलेच. अवशेष, वायू, इंधन घट ही साखळी ज्या दिवशी परवडणाऱ्या किमतीत पुरी होईल, त्या दिवशी साखर कारखान्याचे आवार हे स्वच्छ विजेचे केंद्र होईल, आणि त्यासाठी उजनीतून पाण्याचा एक थेंबही जादा मागावा लागणार नाही. ही साखळी अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तिच्या कड्या मात्र आता आपल्या प्रयोगशाळांत घडू लागल्या आहेत.

बांधावर पोहोचलेले संशोधन

प्रयोगशाळेतले काम बांधावर यावयास वेळ लागतो. परंतु काही काम आधीच आले आहे. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांसारखे ताण पिकास कसे सोसता येतील, हा तिचा अभ्यासविषय. ऊस तुटून गेल्यावर शेतात उरलेले पाचट पेटवून देण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. खोडवा राखताना पाचट आड येते, खत नीट देता येत नाही, ही शेतकऱ्याची खरी अडचण. या संस्थेने तयार केलेले ‘सॉर्फ’ यंत्र पाचट तसेच ठेवून बुडखे छाटते, बगला फोडते, जुनी मुळे तोडते आणि खत मातीत पेरते. अशी ही चारही कामे एकाच फेरीत होतात.

याचा ऊर्जेशी संबंध काय? पाचट जमिनीवर राहिले की ओलावा टिकतो, पाण्याच्या पाळ्या कमी होतात आणि पंप कमी चालतो. खत मातीत पडल्याने वाया जात नाही, आणि युरियाची प्रत्येक गोणी ही नैसर्गिक वायू खर्ची घालून केलेली असते. काडेपेटीच्या एका काडीने जे घडते ते म्हणजे पाणी, वीज आणि खत या तिन्हींची एकाच वेळी होळी. जेथे पाचट काढावेच लागते, तेथे त्याचा कोळसा करून सरपणासारखा वापरण्याची साधी भट्टी पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘आरती’ने, विकसित केली. २००२ मध्ये त्या कामास आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

शेतकऱ्यास आज, कोणत्याही संशोधनाची वाट न पाहता करता येण्याजोगी कामेही थोडी नाहीत. तारांकित पंपसंच निवडावा. पाणी किती उंच चढवावयाचे आहे ते मोजून त्या बेताचा पंप घ्यावा, शेजाऱ्याने घेतला म्हणून अधिक अश्वशक्तीचा घेऊ नये. पाइपाचा व्यास पुरेसा ठेवावा आणि काटकोनी वळणे टाळावीत. फूटव्हॉल्व्ह मोकळ्या तोंडाचा असावा आणि त्यातील कचरा वेळोवेळी काढावा. मोटारीस योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा, म्हणजे तारांतील व रोहित्रावरील भार हलका होतो. एका रोहित्रावरील सर्वांनी तो बसविला तर सर्वांनाच पुरेसा दाब मिळतो, मोटारी जळत नाहीत. ही कामे एकट्याने केली तर थोडा लाभ, साऱ्या गावाने केली तर मोठा, हे सहकाराच्या प्रदेशास सांगावयास नको.

समारोप

प्रयोगशाळेतील संशोधक पटलाची जाडी काही सहस्रांश मिलिमीटरने कमी करतो, किंवा प्लॅटिनमचा अंश थोडा घटवतो, तेव्हा तो जे करतो आणि पळसदेवचा शेतकरी झिजलेला पंखा बदलून पाइपाचा व्यास वाढवतो तेव्हा तो जे करतो, ती दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. दोघेही गळती बुजवीत आहेत. स्वच्छ ऊर्जेचे संशोधन म्हणजे केवळ नवा, झगमगीत शोध, असे आपण मानतो. वस्तुतः त्याचा मोठा भाग हा जे आहे ते वाया न घालविण्याचे शास्त्र होय.

भीमेच्या पाण्याखाली पळसदेवचे जुने घरदार गेले, म्हणून लक्षावधी एकरांना पाणी आणि उजनीच्या विद्युत्‌गृहास १२ मेगावॅट क्षमता लाभली. इतके देऊन मिळालेले पाणी आणि वीज निष्काळजीपणे सांडू देणे हा त्या त्यागाचा अवमान ठरेल. पुढच्या वेळी पाणी ओसरेल आणि पळसनाथाचे शिखर दिसू लागेल, तेव्हा दर्शनास येणाऱ्याने देवास नमस्कार अवश्य करावा. मात्र काठावरून पाण्याच्या मागे धावणाऱ्या त्या लांबच लांब पाइपांकडेही एकदा पाहावे, आणि त्यांतून चढणाऱ्या प्रत्येक घागरीमागे आपण किती वीज देतो व किती सांडतो, याचा हिशेब मनाशी मांडावा.